ऑर्केस्ट्राची खुर्ची कशी भरायची अन् दोघा-तिघांची छोटी मैफल कशी बांधायची (खान्देशातल्या वादकांसाठी)

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. यावलकडं एका हळदीला आमचा ऑर्केस्ट्रा स्टेजवर चढलेला, सिंगर तयार, साउंडवाल्याने बॉक्स रचलेले, ऑक्टोपॅड लावलेलं, आणि कीबोर्डच्या स्टँडवर कीबोर्डच नाही. कीबोर्डवाला पोरगा त्या वेळी जळगावला माझ्याशेजारी बसून एका डॉक्टरांच्या हॉलमध्ये बैठकीला वाजवत होता. हळदीला व्हायोलिन कोणी विचारत नाही म्हणून मला सुट्टी होती, त्याला नव्हती, पण तो म्हणाला "दादा, बदली दिलाय" आणि मी विचारलंच नाही की बदली कोण, त्याला गाणी येतात का, तो हो म्हणालाय की नुसतं बघतो म्हणालाय. बदली आलाच नाही. ऑर्केस्ट्रावाल्या काकांनी मोबाईलवर कराओके ट्रॅक लावून कशीबशी रात्र काढली आणि पुढं दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून हे दोन विषय एकाच लेखात घेतोय. छोटा ग्रुप बांधायचा म्हटलं की आपण माणसं आणणार कुठून, तर ज्या ऑर्केस्ट्रात वाजवतो तिथूनच, आणि इकडं जोडी जमली की तिकडं खुर्ची रिकामी. दोन्हीचा विचार एकदम करावा लागतो.

आधी कॅलेंडर, मग वाद्य

आपला हिशोब जानेवारी ते डिसेंबर नसतो, तुळशीच्या लग्नापासून सुरू होतो. तिथून लग्नसराई, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे तर एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या, मग आषाढीनंतर लग्नं बंद. मधे गणपती, नंतर नवरात्र, आणि नवरात्रात नंदुरबार-शहादा-तळोद्याकडं गरब्याला रिदमवाले नऊच्या नऊ रात्री अडकलेले असतात, तेव्हा त्यांना फोनसुद्धा करू नका. एक मोठी वही घ्या (मोबाईलच्या कॅलेंडरवर माझा भरवसा नाही, एकजण फोन बदलतो आणि सगळं गेलं) आणि वर्षाचे हे पट्टे त्यात रंगवा.

छोट्या ग्रुपची सुरुवात करायची ती आषाढातच. सहा-सात आठवडे तालमीला मिळतात, हवा बरी असते, लोक रिकामे असतात. फक्त नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आपल्या खान्देशातली देवी) बसते आणि सोमवारी विसर्जन, त्या दोन दिवसांत निम्मा ग्रुप आपापल्या गावी रोट खायला गेलेला असतो, तिथं तालीम ठेवून स्वतःला त्रास करून घेऊ नका. पहिला प्रोग्राम दिवाळीनंतर थंडीत धरा. जळगावला जानेवारीच्या सुरुवातीला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, त्याच्या तारखांवर आपली तारीख टाकायची नाही, उलट तिथं जाऊन बसायचं, कारण आपल्याकडं शांत बसून ऐकणारे जेवढे लोक आहेत ते बहुतेक सगळे तिथं एका छताखाली सापडतात.

चेंबर म्हणजे नेमकं काय

पाश्चात्य संगीतात चेंबर म्युझिक म्हणतात ते खोलीत बसून वाजवायचं संगीत, एका ओळीला एकच वादक, समोर उभा राहून हाताने लय दाखवणारा कंडक्टर नाही. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं), एक चेलो (त्याहून मोठं, बसून पायांत धरून वाजवायचं). पियानो ट्रिओ म्हणजे पियानो, व्हायोलिन, चेलो. तिकडच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात दहा-बारा जण एकच ओळ वाजवतात म्हणून एकाचं चुकलं तर झाकलं जातं, इथं तुमची ओळ तुम्हीच, थांबलात तर ती ओळ मेली. आपल्याकडची सूर-तबल्याची बैठक याच्या जवळची आहे, फरक एवढाच की बैठकीत एकजण मुख्य आणि बाकीचे साथीला, चेंबरमध्ये सगळ्यांना बरोबरीचं काम असतं आणि दर चार ओळींनी मुख्य कोण ते बदलत राहतं.

आणि इथंच आपली मंडळी चुकतात. ऑर्केस्ट्राला माणूस घेताना मी बघतो की तो वेळेवर येतो का, दोनशे गाणी पाठ आहेत का, सिंगर म्हणेल त्या स्केलमध्ये (पट्टीत) निमूट वाजवतो का. असा निमूट माणूस जोडीला घेतला तर जोडी सहा महिन्यांत झोपते. जोडीला माणूस असा पाहिजे जो तुम्हाला तोंडावर सांगेल की दादा तुम्ही घाई करून राहिले, आणि तुम्ही त्याला तसंच सांगितलं तर रुसून घरी जाणार नाही. म्हणजे ऑर्केस्ट्रातला सगळ्यात सोयीचा वादक आणि तुमचा जोडीदार ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात, मैत्रीखातर एकच करू नका.

माणूस शोधताना अंतरही बघा. भुसावळ-जळगाव काही प्रश्नच नाही, गाडीने अर्ध्या तासाचं काम. धुळ्याचा माणूस असेल तर येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो. नंदुरबारचा असेल तर सुरत लाइनवर दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत गाडी येते, मग तालीम मधे अमळनेरला कोणाच्या तरी घरी ठेवली तर दोघांना सारखं पडतं. हे सगळं बारीक वाटतं पण जोड्या सुरामुळे कमी आणि बसच्या वेळापत्रकामुळे जास्त तुटतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

चेलो नाही, व्हायोला नाही, मग?

खान्देशात चेलोवाला शोधत बसाल तर म्हातारे व्हाल. आहे ते वापरायचं. क्वार्टेटचे कागद (लिहिलेलं नोटेशन) घेतले तर व्हायोलाची ओळ तिसऱ्या व्हायोलिनला द्या, पण लक्षात ठेवा, व्हायोलिनची सगळ्यात खालची तार पांढरी पाच (पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) आणि व्हायोलाची त्याच्याखाली पांढरी एकपर्यंत जाते, म्हणजे तेवढे सूर व्हायोलिनवर नाहीतच, ते एक सप्तक वर घ्यावे लागतात नाहीतर दुसऱ्याला द्यावे लागतात. शिवाय व्हायोलाचा कागद वेगळ्या क्लेफमध्ये (कुठली रेघ म्हणजे कुठला सूर ते सांगणारी सुरुवातीची खूण) असतो, तो आधी व्हायोलिनच्या क्लेफमध्ये उतरवून काढा, तालमीला बसल्यावर डोक्यात बदल करत वाजवणं सगळ्यांना जमत नाही. चेलोची ओळ कीबोर्डच्या डाव्या हाताला किंवा बेस गिटारला.

आमचा ग्रुप शेवटी व्हायोलिन, कीबोर्ड, तबला असा झाला. तुम्ही दोन व्हायोलिन असाल तर सुरुवातीला टेलिमान या जर्मन संगीतकाराचे कॅनॉनिक सोनाटा घ्या, सहा आहेत, दोघं एकच कागद बघून वाजवतात, दुसरा थोडा मागून सुरू करतो, त्यामुळे झेरॉक्स पण एकच लागते आणि ऐकायची सवय आपोआप लागते, कारण पुढच्याने जे वाजवलं तेच तुम्हाला त्याच्यामागून वाजवायचंय. नंतर हंगेरीच्या बार्टोक या संगीतकाराची दोन व्हायोलिनची ४४ ड्युएट्स आहेत, साधारण सोप्याकडून अवघडाकडं लावलेली, बरीचशी लोकगीतांवर बांधलेली, त्यामुळे आपल्या कानाला परकी वाटत नाहीत. बार्टोक १९४५ ला वारला, आपल्या कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा हे कागद वापरायला आपल्याकडं अडचण नाही.

आता नोटेशनचा प्रश्न. आपल्याकडचे नव्वद टक्के वादक कानाने वाजवतात आणि त्यात काही लाजायचं नाही. पण तीन वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी चालल्या की पाठांतर घसरतं. मी काय केलं, स्टाफ नोटेशनवरून (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्य पद्धत) सरगम लिहिली, पण मात्रांच्या उभ्या रेघा तशाच ठेवल्या, दर आठ-दहा रेघांनी वर क, ख, ग अशी मोठी अक्षरं टाकली आणि रेघांना नंबर दिले. तालमीत थांबलं की "ग पासून" म्हणायचं आणि तिघं एका जागी. याच्या आधी "ते कडव्यानंतरचं म्युझिक आहे ना, त्याच्या थोडं मागून" असं चालायचं आणि त्यात निम्मी तालीम जायची.

तालीम

दीड तास बस. त्याच्या पुढं कान थकतात, मग फक्त चहा आणि गप्पा होतात. पहिली दहा मिनिटं नुसतं जुळवणं, तानपुरा ॲप लावून लांब सूर. मग एकच तुकडा, पूर्ण नाही, दोन अक्षरांमधला. आधी मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणारं यंत्र) संथ, मग मेट्रोनोम बंद, मग फोनवर रेकॉर्ड करून तिथंच ऐकायचं. ऐकताना प्रत्येकाने दुसऱ्याची ओळ ऐकायची, स्वतःची नाही, हे फार अवघड आहे, माणूस आपलाच सूर शोधत असतो.

मला सगळ्यात जास्त फायदा दोन गोष्टींनी झाला. एक, वाद्य खाली ठेवून दुसऱ्याची ओळ तोंडाने गायची, तो त्याच वेळी वाजवत असताना. तबलजीने कीबोर्डची ओळ गायली तेव्हा त्याला कळलं की तो जिथं तिहाई (एकच बोल तीनदा वाजवणं) घालत होता तिथं कीबोर्डचा शांत सूर होता. दोन, एकमेकांकडं पाठ करून वाजवायचं. नजर गेली की श्वास ऐकू यायला लागतो. सुरुवात श्वासानेच करायची असते, ज्याची ओळ आधी त्याने लयीत श्वास घ्यायचा आणि मान हलकी उचलायची. "वन टू थ्री फोर" मोठ्याने मोजणं हळदीला ठीक आहे, डॉक्टरांच्या हॉलमध्ये नाही.

वाद होणारच. आमचा नियम असा की दोन्ही पद्धतीने एकेकदा पूर्ण वाजवायचं, ज्याचं म्हणणं नाही त्यानेच ते जास्त मन लावून वाजवायचं, आणि मग ठरवायचं. तरी नाही जमलं तर त्या तुकड्यात ज्याची मुख्य ओळ त्याचं ऐकायचं. धुळ्याकडचे एक म्हातारे ढोलकीवाले आजोबा मला पोरगा असताना म्हणायचे, "हात गोड शे रे तुन्हा, पन कान कोठे शे?" तालमीला बसलो की अजून ते आठवतं.

सूर, स्केल अन् आपलं ऊन

स्केल ठरवताना तबल्याला आधी विचारा. व्हायोलिन, कीबोर्ड कुठंही जातात, तबल्याचा एक दाया (उजव्या हाताचा) एखाद-दोन सुरांपलीकडं ताणला जात नाही. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन, तेव्हा षड्ज (सा) पांढरी दोन किंवा पाचवर धरला तर तारा आपोआप घुमतात. काळी एकवर तेच वाजवलं की आवाज बंद खोलीतल्यासारखा येतो.

कीबोर्डबरोबर वाजवताना व्हायोलिनवाल्यांनी एक लक्षात घ्या, आपण तारा षड्ज-पंचमाने जुळवतो, पण कीबोर्डचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा केसभर उतरलेला असतो. पांढऱ्या सहावरून शुद्ध जुळवत खाली पांढऱ्या पाचपर्यंत गेलात तर ती तार कीबोर्डपेक्षा थोडी खाली बोलते. म्हणून कीबोर्डवरून चारही तारा वेगवेगळ्या तपासा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो. कोरड्या हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणली जाऊन वर चढते, बासरी गरम झाली की वर जाते, व्हायोलिनच्या तारा मात्र उतरतात, लाकूड आटतं आणि खुंट्या सटासट सुटतात. म्हणजे सगळे एकमेकांपासून लांब पळतात आणि कीबोर्ड मधे थंड बसलेला. स्टेजवर जायच्या अर्धा तास आधी वाद्यं केसमधून काढून त्याच हवेत ठेवा. आणि बंद गाडीत व्हायोलिन कधी म्हणजे कधी सोडायचं नाही, त्याचा सरस उष्णतेने सुटतो आणि सांधे उघडतात. शेवभाजी खायला तासभर उतरलो तर व्हायोलिन माझ्याबरोबर टेबलावर असतं, हॉटेलवाला हसतो, हसू दे.

आता ऑर्केस्ट्राची खुर्ची

जागा रिकामी झाली की आपण ग्रुपवर टाकतो, "कीबोर्ड प्लेअर पाहिजे, अर्जंट". यावर जे येतात ते खरंच अर्जंट येतात आणि तसेच जातात. नीट लिहा: कुठलं वाद्य, वर्षाला साधारण किती प्रोग्राम, कुठल्या भागात, नाइट (एका प्रोग्रामचे पैसे) किती, गाडी आणि जेवण कोणाकडं, वाद्य स्वतःचं लागेल का, कुठली गाणी यायला पाहिजेत (जुनी हिंदी, मराठी लावणी, अहिराणी, गरबा), आणि पैसे प्रोग्राम संपल्यावर की आठवड्याने. पैशाचा आकडा लिहायला लोक लाजतात. लिहा, वीस फोन वाचतात.

शोधायचं कुठं? गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देणारी पोरं ज्या क्लासला जातात तिथं. लग्नाच्या बँडमध्ये, क्लॅरिनेट-सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाले तिथं एकेक भारी बसलेत आणि त्यांना कोणी विचारत नाही. चर्चमध्ये वाजवणारे, त्यांना स्टाफ नोटेशन येतं. पोलीस बँडमधून रिटायर झालेले. आदिवासी पट्ट्यात पावरी (तिथलं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्यांच्या घरातली पोरं आता तेच सूर कीबोर्डवर काढतात, त्यांचा रिदम ऐकून मी गप्प झालोय.

दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा माणूस घेणार असाल तर आधी तिथल्या मालकाला फोन करा. सीझनच्या मधे फोडून आणलेला माणूस पुढच्या सीझनला तुमच्याकडूनही फुटतो.

निवड तीन टप्प्यांत करा. आधी फोनवर एक व्हिडिओ मागवा, एका दमात, एडिट न केलेला, मागे ट्रॅक नको. मग समोर बोलवा, आणि इथं मी चादर लावतो. हसू नका. अमेरिकेत बॉस्टनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने १९५२ च्या सुमारास पडद्याआडून ऑडिशन घ्यायला सुरुवात केली, का तर कोण वाजवतोय ते दिसू नये, फक्त ऐकू यावं. नंतर लक्षात आलं की चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळतं, म्हणून कुठं कुठं खाली गालिचा घालायला लागले. आपल्याकडं प्रश्न निराळा असतो, अमक्याचा भाचा, तमक्याच्या गावचा, आणि पोरगी असेल तर "रात्री कसं जमेल" हे वाजवायच्या आधीच बोलून झालेलं असतं. दोन खांबांना दोरी बांधा, चादर टाका, नंबर द्या. गेल्या वेळी नंबर दोनला आम्ही सगळ्यांनी मत दिलं, चादर काढली तर बारावीतली पोरगी. रात्रीचं तिने आणि तिच्या वडिलांनी मिळून ठरवलं, आम्ही फक्त परतीची गाडी पक्की केली.

ऑडिशनला काय वाजवायला लावायचं? त्याचं आवडतं एक गाणं, दोन मिनिटं. मग तेच गाणं काळी दोनवरून पांढरी चारवर, ट्रान्सपोजचं (आपोआप पट्टी बदलणारं) बटण न दाबता. मग मी सिंगरला आधीच सांगून ठेवतो की मधे एक अंतरा गाळ आणि सरळ मुखड्यावर ये. जो दोन मात्रांत सावरतो तो माझा. जो थांबून वर बघतो तोही चालेल, शिकेल. जो काही झालंच नाही असं समजून अंतऱ्याचं म्युझिक पूर्ण वाजवतो त्याला चहा पाजून पाठवायचं, मग त्याची बोटं कितीही पळोत.

तिसरा टप्पा, एक छोटा प्रोग्राम पैसे देऊन. फुकटात ट्रायल घ्यायची पद्धत आपल्याकडं आहे ती मला पटत नाही, नवा पोरगा म्हणून त्याचं पेट्रोल काय स्वस्त असतं का.

कोणाला पुढं मुंबईला सिम्फनीत वाजवायचं असेल तर ते वेगळं जग. एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. अशा ठिकाणच्या ऑडिशनला साधारण एखाद्या कॉन्चेर्टोचा (एक मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना) पहिला भाग आणि ऑर्केस्ट्राच्या कामातले ठरलेले उतारे मागतात, तिथं स्टाफ नोटेशन बघून वाजवता आलं नाही तर दारातूनच परत. ती तयारी दोन-तीन वर्षांची धरा.

पैसे

तिघं मित्र असलो तरी एक पान लिहायचं आणि सह्या करायच्या. समजा पंधरा हजारांचा प्रोग्राम. गाडीचे १८००, साउंडचे ३००० आधी बाजूला. राहिले १०,२००. त्यातले दहा टक्के, १०२०, ग्रुपच्या डब्यात तारा, पुड्या आणि झेरॉक्ससाठी. उरले ९१८०, तिघांना ३०६० प्रत्येकी. कागद लिहिणाऱ्याला आणि प्रोग्राम आणणाऱ्याला काही जास्त द्यायचं का, हे त्याच पानावर लिहा, नंतर काढलं की कडू होतं. इसार किती आल्याशिवाय तारीख वहीत चढणार नाही, तारीख तुटली तर इसाराचं काय, आणि कोणी ग्रुप सोडला तर त्याने किती दिवस आधी सांगायचं, हेही तिथंच. आमच्यात दोन महिने आहे, लग्नसराईत चार.

फिल्मी गाणी वाजवताना लायसन्सचा प्रश्न येतो. लग्नातल्या आणि लग्नाशी जोडलेल्या कार्यक्रमांना कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावून हॉलमध्ये प्रोग्राम केला तर ती सूट नाही, तिथं आयोजकाला लायसन्स बघायला सांगा आणि ते आधी लेखी घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, म्हणून साडेआठला सुरू होणाऱ्या प्रोग्राममध्ये चांगला आयटम साडेनऊच्या आत वाजवून मोकळे व्हा. छोट्या मैफलीचं सुख हे की माइकच लागत नाही, हॉलमध्ये पन्नास-साठ लोक असले तर उघडा आवाज पुरतो, फक्त पंखे कोणते बंद करायचे ते आधी ठरवून ठेवा, मे महिन्यात यावरून यजमानांशी भांडण होऊ शकतं.

बदलीची यादी

आता प्रत्येक खुर्चीमागं दोन नावं वहीत असतात आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यांना फोन करतो, काम असो नसो, "काय भो, कसं काय चाललंय" एवढंच. महिन्यातून एकदा त्यांना तालमीला बोलावतो आणि गाण्यांची यादी स्केलसकट पाठवतो. कोणाला सुट्टी पाहिजे असेल तर त्याने बदलीचं नाव सांगायचं, पण त्या बदलीला फोन मी करणार आणि त्याच्या तोंडून "हो, येतो" ऐकल्यावरच वहीत टिक मारणार.

यावलच्या त्या काकांकडं मी भरताची वांगी आणि कळण्याच्या भाकरी घेऊन गेलो होतो. जेवले, पान खाल्लं आणि म्हणाले, वही दाखव आधी.